नुसतं ‘पान पिवळं पडलंय’ म्हणून कसं चालेल?

बागकामाच्या ग्रुपवर एका पिवळ्या पानाचा फोटो, खाली ‘काय करू?’ संपला प्रश्न! अहो, राहता कुठे? घराचा पत्ता कोणी मागत नाही, तो देऊही नका. पण प्रदेश कोणता, हवा दमट की कोरडी, थंडीत पारा किती उतरतो, एवढं तरी सांगा. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडच्या बाल्कनीला भरपूर ऊन मिळतं, दक्षिण गोलार्धात तीच बाजू सावलीत असते. जानेवारीत एकाकडे थंडी, दुसऱ्याकडे उन्हाळा. मग छाटणीचा महिना सांगायचा कसा?

आणि पिवळं म्हणजे नेमकं कुठलं पान? खालची जुनी पानं सरसकट पिवळी होत असतील तर नत्र कमी पडत असेल. शेंड्याची कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, तर लोह मिळत नाहीये, बऱ्याचदा मातीचा सामू (pH, म्हणजे माती किती आम्ल की अल्कधर्मी याचं माप) वाढल्यामुळे. माती ओलीचिंब असूनही झाड मलूल, म्हणजे बहुधा मुळं कुजताहेत. तिथे कोणी ‘पाणी वाढवा’ म्हटलं की झाड गेलंच.

कुंडी किती इंची, तळाला भोक आहे का, ऊन किती तास, बोट 5 सेंमी खोल घातल्यावर माती ओली लागते का, शेवटचं खत कोणतं, कधी आणि किती. दोन मिनिटांचं काम! तेही एकेक करून विचारून काढावं लागतं, त्यात चार दिवस जातात, आणि तोवर मुळं आणखी सडलेली असतात.