जॅझच्या दर्दी मंडळींत आवडता अल्बम कसा सांगावा

कुणी विचारलं की लगेच नाव घेऊ नका. आधी एक सुस्कारा, मग "तसं एकच सांगणं अवघड आहे", आणि मगच नाव. ते ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचं 'काइंड ऑफ ब्लू' असेल तर मात्र तुमचं काही खरं नाही. सगळ्यांना आवडणारी गोष्ट दर्दी माणसाला आवडून कसं चालेल?

तरीही तोच आवडत असेल, तर "1992 च्या आधीचा" अशी पुस्ती जोडा. 2 मार्च 1959 रोजी न्यूयॉर्कमधल्या कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत या अल्बमच्या ध्वनिमुद्रणाचं टेपयंत्र किंचित मंद चाललं होतं. ती टेप योग्य वेगानं वाजवली की सूर चढतो, त्यामुळे पहिली अख्खी बाजू तीनेक दशकं जराशा चढ्या पट्टीत विकली गेली. दुरुस्ती झाली ती 1992 मध्ये. तुम्ही चुकलेल्या पट्टीचा पक्ष घ्या. "दुरुस्त केली आणि धार गेली" एवढं म्हटलं की पुरे. फरक खरंच ऐकू येतो का, असं कुणी विचारणार नाही, कारण तो विचारणाऱ्यालाही ऐकू आलेला नसतो.

पियानोचं कौतुक जपून करा. 'बिल इव्हान्सनं काय वाजवलंय!' असं म्हणालात आणि नेमकं तेव्हा 'फ्रेडी फ्रीलोडर' सुरू असलं, तर संपलंच. त्या एका रचनेत पियानोवर विंटन केली आहे, आणि ही चूक पकडायला प्रत्येक बैठकीत एक गृहस्थ टपून बसलेले असतात. दुसरा सापळा लेबलचा. सुरुवातीच्या प्रतींवर दुसऱ्या बाजूच्या दोन रचनांची नावं उलटसुलट छापली गेली होती. सहा मात्रांत झुलणारं ते 'ऑल ब्लूज', लेबल काहीही म्हणो.

ब्लू नोट या जॅझच्या रेकॉर्ड कंपनीची तबकडी हाती आली तर ती वाजवण्याची घाई नको. खिशातला टॉर्च काढा आणि शेवटच्या रचनेनंतरच्या मोकळ्या पट्टीवर तिरपा प्रकाश टाका. तिथं कानासारखी एक बारीक खूण दिसली, तर तबकडी प्लास्टिलाइटच्या कारखान्यात दाबलेली, म्हणजे 1966 पर्यंतची. शेजारी आरव्हीजी ही अक्षरं असतील तर जिच्यावरून प्रती निघाल्या ती मूळ तबकडी कोरली ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डरनं. हे महाशय दिवसा डोळे तपासायचे आणि न्यू जर्सीतल्या हॅकेन्सॅकला आईवडिलांच्या बैठकीच्या खोलीत ध्वनिमुद्रण करायचे. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचं 'ब्लू ट्रेन' 1957 मध्ये तिथंच झालं. मग लेबलवरचा पत्ता वाचा. '47 वेस्ट 63' हा जुना पत्ता असेल तर मान डोलवा, नुसतं 'न्यूयॉर्क यूएसए' असेल तर "ठीक आहे" म्हणा. एवढ्यात अर्धा तास जातो. (साध्या श्रोत्याला ही खोड नसते, तो बिचारा नुसता ऐकत बसतो.)

मराठी मंडळी असली की तालाचा विषय निघतोच. 'टेक फाइव्ह' लागलं की कुणीतरी मांडीवर झपताल धरेल. त्याला सांगा, झपताल दोन-तीन-दोन-तीन, हे तीन-दोन. आणि रचना बँडप्रमुख डेव्ह ब्रूबेकची नाही, त्याच्या सॅक्सोफोनवादक पॉल डेझमंडची. रागाचंही तसंच. कोल्ट्रेनच्या 'इंडिया'त दोन डबल बास आहेत आणि सूर एका जागी ठाण मांडून असतो, एवढ्या भांडवलावर मारवा की पूरिया हा वाद जेवणापर्यंत सहज पुरतो.

गोव्याचं नाव घ्यायचं तर ट्रम्पेटवादक चिक चॉकलेटचं घ्या, पण 'अलबेला' सिनेमाचं नाव काढू नका. सी. रामचंद्रांबरोबरचं त्याचं ट्रम्पेट लग्नाच्या बँडवालेही वाजवतात, म्हणजे ते बाद.

प्रत्यक्ष ऐकताना बोलायचं कधी, हा प्रश्न मात्र सोपा आहे. बास एकटा वाजू लागला की. कोल्ट्रेनच्या 'अ लव्ह सुप्रीम'च्या दुसऱ्या बाजूला 'पर्स्यूअन्स' संपता संपता बाकी सगळे थांबतात आणि बासवादक जिमी गॅरिसन एकटाच चांगला बराच वेळ वाजवत राहतो, पार 'साम' सुरू होईपर्यंत. चहात साखर कुणाला कमी हवी, ते तेवढ्यात विचारून घ्या.