बोट लागली

त्रेचाळिसाव्या वर्षी मला पत्रकारितेच्या पदविकेची हौस आली. शनिवार-रविवारचा वर्ग, सोबतीला विशीतली पोरं. ती मला आधी 'सर' म्हणायची, मग 'काका' म्हणायला लागली. दुसऱ्या सत्रात गृहपाठ आला: स्वतःच्या घरातली एक गोष्ट ध्वनिमुद्रित करून आणा, ५ मिनिटांची. आणि ती करताना काय अनुभव आला त्यावर वेगळं एक पान 'चिंतन' लिहा. कथेपेक्षा चिंतनच लांबलं, त्याला माझा इलाज नाही.

मला वाटलं, हे तर हातचं. मी मालवणचा. आमच्याकडे दोन माणसं बांधावर भेटली की गजाल सुरू होते आणि तिसरा आल्याशिवाय संपत नाही. तिसरा आल्यावर तर मुळीच संपत नाही. शिवाय घरात अठ्ठ्याऐंशी वर्षांची आजी. १९५६ साली लग्न होऊन ती आगबोटीने मुंबईला गेली, ती हकीकत तिने आम्हाला इतक्यांदा सांगितली आहे की आम्ही मधल्या जागा भरतो. तेव्हा कोकण रेल्वे कुठली, ती पूर्ण धावायला १९९८ उजाडलं. आगबोट बाहेर खोल पाण्यात उभी. पडावातून हेलकावत जायचं, चढायचं आणि भाऊच्या धक्क्याला उतरायचं. पावसाळ्यात तेही बंद. या हकीकतीतलं आजीचं ठेवणीतलं वाक्य: "बोट धक्क्याक लागायच्या आदी माका लागली!" घर हसतं. दर वेळी हसतं.

मी मोबाइल तिच्या तोंडासमोर धरला.

"मेल्या, ह्यां तोंडाक कित्याक लावतंस?"

"आजी, तू बोल नेहमीसारखी. हे रेडिओसारखं आहे."

ही चूक झाली. रेडिओ म्हटल्याबरोबर आजीने पदर सारखा केला, घसा खाकरला आणि जन्मात कधी बोलली नव्हती अशा भाषेत सुरुवात केली, "नमस्कार. मी जी हकीकत सांगणार आहे, ती सन १९५६ची आहे." आकाशवाणीच्या बातम्या तिने उगाच नाहीत ऐकल्या. मी थांबवलं की 'मेल्या', सुरू केलं की 'नमस्कार'. लाल ठिपका तिला चष्म्याशिवाय दिसत होता.

तोवर आपली निवेदनं उरकून घेऊ म्हटलं. स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकला आणि कुणीतरी नाक धरून माझी नक्कल करतंय असं वाटलं. सर म्हणाले, आपण बोलतो तेव्हा आपला आवाज आपल्याला हवेतून ऐकू येतो तसा डोक्याच्या हाडांतूनही येतो, म्हणून आतून तो भारदस्त वाटतो. थोडक्यात, त्रेचाळीस वर्षं मला माझी कवटी फसवत होती. बाकीच्यांना हे माहीत होतं आणि कुणी बोललं नाही.

आवाज घुमू नये म्हणून कपड्यांच्या कपाटात बोला, असं वर्गातली पोरं म्हणाली. आमचं कपाट लोखंडी. साड्यांमध्ये डोकं घालून, डांबरगोळ्यांचा वास घेत, मी "ती निघाली, दूर, अज्ञाताकडे" असं म्हणत असताना मागून बायकोने विचारलं, "कोण निघाली?" ते मुद्रण मी जपून ठेवलं आहे. पुढे गोधडी पांघरून केलं. वैशाखात, मालवणात, गोधडी. पाच मिनिटांत मी आमसुलासारखा आक्रसून बाहेर आलो.

आणि अक्षरं! माइकला हवेचा झोत सोसत नाही. प, फ, ब, भ आले की फट्ट आवाज. माझ्या गोष्टीत पडाव, फलाट, बोट आणि भाऊ. 'भाऊचा धक्का' म्हटलं की पडद्यावरची रेघ छताला टेकायची. शेवटी पिठाच्या चाळणीवर ओढणी ताणून ती तोंडापुढे धरली. बायकोने त्या दिवशी भाकऱ्यांचं पीठ न चाळता मळलं आणि तसं बोलूनही दाखवलं.

बाहेरच्या आवाजांचं तर विचारू नका. फ्रिज, पंखा, शेजारचा मिक्सर, पर्यटकांच्या स्पीड बोटी, आणि वाक्याच्या ऐन मोक्यावर परसात धप्पकन पडणारा नारळ. मग एका दुपारी लाइट गेली. एरवी मी शिव्या घालतो, त्या दिवशी हात जोडले. सगळं गप्प. आजी अर्धवट झोपेत होती, त्यामुळे 'नमस्कार' विसरली आणि सलग अकरा मिनिटं मालवणीत बोलली. बोट लागल्याचं वाक्यही आलं.

चिरंजीवांनी ते ऑडॅसिटीत, म्हणजे आवाज कापण्या-जोडण्याच्या संगणकी प्रोग्रॅममध्ये, घातलं. म्हणाले, "बाबा, मागे खरखर आहे, काढतो." त्याची रीत अशी की जिथे कुणी बोलत नाही असा तुकडा यंत्राला दाखवायचा, म्हणजे 'ही खरखर' हे त्याला कळतं आणि सगळीकडून तेवढं ते वजा करतं. त्याने दाखवला. यंत्राने केलं. आमचं घर मालवणातल्या दांडीच्या किनाऱ्यावर, पाऊणशे पावलांवर पाणी. आमच्याकडे कुणी बोलत नाही तेव्हा समुद्र असतो! तो अख्खा पुसला गेला. बरं, समुद्र गेला आणि आजीचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा बुडबुडत यायला लागला.

मूळ फाइल? तिच्यावरच चिरंजीवांनी 'एक्सपोर्ट' केलं होतं. बुडबुडे त्याने कसेबसे कमी केले आणि इंटरनेटवरून फुकटचा समुद्र उतरवून मागे लावला. छान होता, पक्षीबिक्षी असलेला. आजीला ऐकवला.

"हो आमचो दर्या न्हय."

"आजी, समुद्र तो समुद्र."

"हेका उसंत खंय आसा? आणि वैशाखात हे पक्षी खंयसून इले?"

खरं होतं. समुद्रपक्षी आमच्याकडे थंडीचे पाहुणे, उन्हाळा तापला की निघतात. म्हणून मी पहाटे पाच वाजता मोबाइलला चिरंजीवांचा मोजा घालून (वारा माइकमध्ये घुसू नये म्हणून, धुतलेला होता) पुळणीवर उकिडवा बसलो. रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारी, मंडळी येत होती. एकाने मोज्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि अगदी मायेने विचारलं, "घराकडे सगळा बरा आसा मां?" हा प्रश्नही कथेत मागे अंधुक ऐकू येतो.

शेवटच्या रात्री अकरा मिनिटांची कापून पाच केली. फाइल २६ एमबी, कॉलेजचं पोर्टल १० घेणार, मग एमपीथ्री केली. रेंज फक्त विहिरीच्या कठड्यावर. बाराला दोन मिनिटं असताना एकदाची गेली.

सकाळी आजीला पूर्ण ऐकवली. डोळे मिटून ऐकलं. समुद्रावर मान डोलावली. बोट लागण्याचं वाक्य आलं आणि गालात हसली.

"आवडली?"

"बरी आसा. पण बोट माका खंय लागली? तुझ्या आजोबांक लागली. भाऊच्या धक्क्यापर्यंत टोपलीत तोंड घालून बसलेले."

भिंतीवर आजोबा कोट घालून ताठ उभे होते. आजवर त्या तसबिरीकडे बघून आम्ही ताठ बसायला शिकलो.

"मग आजी, तू सत्तर वर्षं... निदान परवा तरी खरं सांगायचंस!"

"मेल्या," आजी म्हणाली, "रेडिओर घोवाची अब्रू काढू?"