बोहारणीला अडवण्याआधी तो मेसेज नीट वाचा

गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीत एका बोहारणीला बायकांनी पाऊण तास अडवून ठेवलं. तिचं गाठोडं भर रस्त्यात सोडायला लावलं, भांडं न् भांडं उचलून बघितलं, आधार कार्ड मागितलं. ही बाई पंधरा वर्षं तरी आमच्याकडे येतेय. जुन्या साड्या देऊन तिच्याकडून घेतलेल्या पातेल्यात आमच्याकडे अजून रोज दूध तापतं. आणि त्या घोळक्यात माझी आई सगळ्यांत पुढे होती. मी चिडून विचारलं, तर तिनं मोबाइल माझ्या हातात दिला. म्हणाली, "आधी हे वाच, मग बोल."

वाचलं. गावातल्या जवळजवळ प्रत्येक ग्रुपवर तो मेसेज फिरतोय. म्हणणं असं: तालुक्यात मुलं पळवणारी टोळी शिरली आहे, सोबत व्हिडिओ पाहा. राज्यात मुलांच्या अपहरणाचे केवढे गुन्हे दाखल होतात ते बघा. पोलीस हेल्मेटच्या पावत्या फाडण्यात गुंतलेत. त्यांनी बाकी सगळं सोडून आठवडी बाजाराला येणाऱ्या फिरस्त्यांची ठाण्यात नोंद करावी, नोंद नसेल त्याला गावात शिरू देऊ नये. तोवर संशयिताला धरून चोप देण्याचा अधिकार नागरिकांना कायद्यानंच दिलाय. शेवटी 'पोलीस प्रशासन' एवढंच. ठाण्याचं नाव नाही, अधिकाऱ्याचं नाव नाही, तारीख नाही.

आधी व्हिडिओ. मोटारसायकलवरचे दोघं रस्त्यात खेळणारं पोर उचलून नेतात, तोच हा. तो आपल्या तालुक्यातला नाही, आपल्या देशातलाही नाही. मुलांच्या सुरक्षिततेबद्दल जागृती व्हावी म्हणून कराचीत बनवलेल्या फिल्मचा तो तुकडा आहे. मूळ फिल्ममध्ये ते दोघं मुलाला परत आणून सोडतात आणि एक फलक दाखवतात. तो शेवट कापून टाकलाय. २०१८ मध्ये देशभर हाच व्हिडिओ फिरला आणि त्यावर विश्वास ठेवून माणसं मारली गेली. इतक्या वर्षांनी तोच माझ्या आईच्या मोबाइलवर येतो याचा मला संताप येतो.

अपहरणाचे गुन्हे मोठ्या संख्येनं नोंदले जातात, हे मात्र खरं आहे. पण का, ते मेसेज लिहिणाऱ्याला ठाऊक नाही किंवा त्यानं लपवलंय. 'बचपन बचाओ आंदोलन विरुद्ध भारत सरकार' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं मे २०१३ मध्ये आदेश दिला की, मूल हरवल्याची तक्रार आली की थेट एफआयआर दाखल करायचा आणि तपासात वेगळं काही निघेपर्यंत ते अपहरण किंवा तस्करी आहे असंच धरून चालायचं. म्हणजे आईशी भांडून मावशीच्या गावाला निघून गेलेला मुलगा, यात्रेत चुकलेलं आणि संध्याकाळी सापडलेलं पोर, सतरा वर्षांची मुलगी स्वतःहून कुणाबरोबर गेली ते प्रकरण, हे सगळं कागदावर अपहरण म्हणूनच चढतं. अठराच्या आतल्या मुलाच्या संमतीला कायद्यात किंमत नाही, ती असूही नये. आदेश योग्यच आहे, त्यामुळे शोध लगेच सुरू होतो. पण त्या आकड्यावरून गाठोडंवाल्या टोळ्या फिरतायत असं ठरवणं हा शुद्ध खोटेपणा आहे. मुलांची तस्करी होते, हेही मी नाकारत नाही. म्हणूनच मूल दिसेनासं झालं तर चोवीस तास थांबायचं नसतं. तडक ठाणं गाठायचं, ११२ किंवा मुलांच्या मदतीसाठीच्या १०९८ ला फोन करायचा. इतका लांबलचक मेसेज, आणि त्यात हे दोन नंबर नाहीत.

आता चोप देण्याचा 'अधिकार'. सगळ्यांत घातक ओळ हीच.

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे अटक, तपास, खटला कसा चालवायचा ते सांगणारा कायदा. तिचं कलम ४० सामान्य माणसाला अटक करू देतं, बरोबर. पण कधी? दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र (जामीन हक्कानं मिळत नाही असा) गुन्हा त्याच्या डोळ्यांदेखत घडत असेल तेव्हा, किंवा समोरचा माणूस न्यायालयानं फरारी घोषित केलेला असेल तेव्हा. आणि धरल्यावर विनाकारण वेळ न लावता, फार तर सहा तासांत, त्याला पोलिसांच्या हवाली करायचं. संशयावरून धरण्याची मुभा नाही. मारण्याबद्दल तर एक अक्षर नाही.

मारलं की काय होतं, ते धुळे जिल्ह्यानं पाहिलंय. १ जुलै २०१८, साक्री तालुक्यातलं राईनपाडा, रविवार, बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथं पोचले. भिक्षा मागून पोट भरणारी माणसं. मुलं पळवणारे आलेत अशी बोंब उठली. जमावानं त्यांना मारलं, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारलं, पाचही जण मेले. मुलं पळवायला आलेलं त्यांच्यात कुणीच नव्हतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयानं सात जणांना जन्मठेप दिली. पाच घरं तिकडची उद्ध्वस्त झाली, सात इकडची. सप्टेंबर २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यात जत तालुक्यातल्या लवंग्यात चार साधूंना याच संशयावरून बदडलं, ते नशिबानं वाचले. आमच्या गल्लीत त्या दिवशी चार तरुण पोरं घरी असती आणि एकानं हात उचलला असता तर पुढं काय झालं असतं, हे मी आईला विचारलं. ती बराच वेळ गप्प बसली.

फिरस्त्यांच्या नोंदीची मागणी ज्यांना शहाणपणाची वाटते, त्यांनी हे एकदा ऐकावं. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा करून नेमकं हेच केलं होतं: अख्ख्या जमातीच गुन्हेगार ठरवायच्या, ठाण्यात हजेरी लावायची, परवानगीशिवाय हलू द्यायचं नाही. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात तो त्यासाठीच. ते परत आणा म्हणून आपण पोलिसांकडे अर्ज करायचा? आणि बाजारातले निम्मे विक्रेते परगावचेच असतात. त्यांना अडवलं तर बाजार भरणार कुणाचा?

राहिल्या पावत्या. ठाण्यात माणसं कमी आहेत आणि नाक्यावर पावत्यांना दोघं उभे असताना भाजीच्या रांगेत गस्तीला कुणी नसतं, हे मीही दर बाजाराला बघते. ही तक्रार खरी आहे. माझाच मोबाइल बाजारात पिशवीतून गेला तेव्हा चोरीची फिर्याद न घेता 'गहाळ' म्हणून दाखला हातात दिला गेला. गहाळ लिहिलं की चोरीचा आकडा वाढत नाही, आणि आकडा नाही म्हणून बाजारात बंदोबस्त नाही. पोलिसांचं प्राधान्य चुकतंय ते इथं. दखलपात्र गुन्ह्याचा एफआयआर नाकारला, तर संहितेच्या कलम १७३ प्रमाणे तक्रार लेखी, टपालानं थेट पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते. तिथंही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. हद्द दुसऱ्या ठाण्याची आहे हे कारणही आता चालत नाही, झिरो एफआयआर घ्यावाच लागतो.

ठाण्यातल्या पुढच्या बैठकीत मी तीन गोष्टी लेखी देणार आहे: बाजाराच्या दिवशी भाजीच्या आणि कापडाच्या रांगेत साध्या वेशातले दोन पोलीस, मोबाइल चोरी चोरी म्हणूनच नोंदवणं, आणि या मेसेजबद्दल ठाण्याच्या सही-शिक्क्याचा खुलासा, म्हणजे तो त्याच ग्रुपवर टाकता येईल. रात्रीची गस्त ज्यांना घालायचीच आहे, त्यांनी आपली नावं ठाण्यात द्यावीत आणि पोलिसांबरोबर घालावी, काठ्या घेऊन परस्पर नाही. अर्जावर पहिली सही आईनं केली आहे. ज्यांना करायची आहे त्यांनी बाजाराच्या आदल्या दिवशी संध्याकाळी घरी यावं.