नदीतील शोध थांबला म्हणजे फाइल बंद झाली, असे नव्हे

आमच्या पेठेतील बेपत्ता महिलेचा मुठेच्या पात्रातील शोध थांबल्यापासून ‘पोलिसांनी फाइल बंद केली, घरच्यांनीच प्रकरण मिटवले’ असा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आहे. त्याला कोणताही आधार नाही. खडकवासला धरणातून विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो, आणि अशा प्रवाहात बोट उतरवणे शोध घेणाऱ्यांच्याच जिवावर बेतू शकते, म्हणून पाणी ओसरेपर्यंत थांबावे लागते. पोलीस ठाण्यातील बेपत्ताची नोंद त्यामुळे रद्द होत नाही. मोबाइलचे तपशील, सीसीटीव्ही चित्रण आणि अनोळखी मृतदेहांच्या नोंदी यांची पडताळणी काही नदीच्या पाण्यावर अवलंबून नसते.

‘सात वर्षांनी शोध कायद्यानेच संपतो’ हेही चूक आहे. साक्ष्य कायद्यातील ती मुदत वारसा, मालमत्ता यांसारख्या दाव्यांत मृत्यू गृहीत धरण्यापुरती आहे. त्या महिलेला कोणी डांबून ठेवल्याचा संशय असेल, तर कुटुंबाला मुंबई उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस, म्हणजे डांबलेल्या व्यक्तीला न्यायालयापुढे हजर करण्याची मागणी करणारी, याचिका दाखल करता येते.

हा मजकूर तिच्या आईला वाण्याच्या दुकानात एकाने मोबाइल पुढे करून वाचून दाखवला, हे अतिशय क्लेशदायक आहे. कोणाला खरोखर काही माहिती असल्यास त्यांनी ती 112 क्रमांकावर किंवा थेट पोलीस ठाण्यात द्यावी.