लेन्स घालता आली, पण काढता आली नाही म्हणून दिली नाही: आमचं उत्तर

नमस्कार दादा,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलेलं सगळं वाचलं. बहिणीचं लग्न चार दिवसांवर आलेलं, फोटोत चष्मा नको म्हणून औशाहून लातूरला आलात, नंबरचा कागदही सोबत होता. तरी आम्ही पुन्हा तपासणी केली, तिचे वेगळे पैसे घेतले, दीड तास बसवलं आणि शेवटी ‘हिला काढता येत नाही’ म्हणून लेन्स दिलीच नाही. दुसऱ्या दुकानात पाच मिनिटांत मिळाली. वर आम्ही मुलीला घाबरवलं, असंही तुमचं म्हणणं आहे. शेवटी तुम्ही विचारलंय, ‘एवढा धोका आहे तर विकता कशाला?’

विकतो, कारण नीट वापरली तर लेन्स सुरक्षित आहे. मी स्वतः ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डोळ्यांचा नंबर तपासून चष्मा-लेन्स बसवणारी, आहे आणि रोज लेन्स घालते. तुमच्या बहिणीच्या तपासणीतलं काही मी इथे चारचौघांत लिहिणार नाही. तो कागद तिच्याकडे दिलेला आहे. जे तुम्हीच लिहिलंय, तेवढ्यापुरतं बोलते.

चष्म्याचा नंबर तसाच्या तसा लेन्सला चालत नाही. चष्मा डोळ्यापासून साधारण 12 मिलीमीटर लांब असतो, लेन्स थेट बुबुळावर बसते. त्यामुळे चष्मा उणे 6 चा असेल तर लेन्स उणे 5.50 च्या आसपास लागते. शिवाय बुबुळाचा गोलवा प्रत्येकाचा वेगळा. लेन्स घट्ट बसली तर तिच्याखाली अश्रू खेळत नाहीत, सैल बसली तर ती सारखी सरकते. म्हणून लेन्स डोळ्यात घालून काही वेळ बसवतो आणि स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्राखाली, ती कशी हलते ते बघतो. तपासणीची फी याचीच आहे, आणि आत येतानाच ती सांगितली जाते.

आता काढण्याचं. लेन्स घालणं त्या मानाने सोपं, पहिल्या दिवशी बहुतेकांचं अडतं ते काढताना. वर बघायचं, मधल्या बोटाने खालची पापणी ओढायची, तर्जनीने लेन्स पांढऱ्या भागावर सरकवायची आणि अंगठा व तर्जनीच्या पेरांनी हलकी चिमटी करून उचलायची. नख लावायचं नाही. बोटं कोरडी हवीत, ओल्या बोटांतून लेन्स निसटते. ताईंनी मनापासून प्रयत्न केले, त्यांचं काहीच चुकलं नाही. अनेकांना हे दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला जमतं.

पण लग्नाचा दिवस डोळ्यासमोर आणा. पहाटेपासून मेकअप, होमाचा धूर, वरातीची धूळ, रात्री उशिरा सासरी पोचणं. तिथे नवख्या घरात, दमलेल्या मुलीला लेन्स निघेना. कुणाला सांगायचं? ती तशीच झोपणार. आम्हाला नेमकी याचीच काळजी होती.

बुबुळाच्या पुढच्या पारदर्शक पडद्यात, म्हणजे कॉर्नियात, रक्तवाहिन्या नसतात. तो ऑक्सिजन मुख्यतः थेट हवेतून घेतो. डोळे मिटले की तो पुरवठा आधीच घटतो, त्यात वर लेन्स असली तर आणखी. अशा वेळी जंतूंना शिरकाव करणं सोपं जातं. ऑस्ट्रेलियातल्या एका मोठ्या पाहणीत, सॉफ्ट लेन्स फक्त दिवसा वापरणाऱ्या 10,000 जणांमागे वर्षाला 2 च्या आसपास लोकांच्या कॉर्नियाला जंतुसंसर्ग झाला. लेन्स घालून झोपणाऱ्यांत हाच आकडा 20 च्या आसपास होता. लेन्स तीच, पण झोपेमुळे धोका दहापट. ताईंना मी हेच सांगितलं. लेन्स डोळ्याच्या मागे निघून जाईल ही त्यांची भीती मात्र आम्हीच काढली, कारण पापणीच्या आतलं अस्तर तिथे वाटच ठेवत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि त्यावर मी सगळ्यांनाच जरा जास्त वेळ बसवते. 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेलं हे शहर. टँकर, बोअर, हौद, ड्रम, जार, जे मिळेल ते आपण भरून ठेवतो. पिण्यासाठी गाळा, उकळा, ठीक आहे. पण लेन्सला यातलं कुठलंच पाणी लावायचं नाही, जारचं फिल्टरचंसुद्धा नाही. पाण्यात अकँथामिबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो. लेन्सच्या आडून तो कॉर्नियात शिरला तर उपचार महिनोनमहिने चालतात आणि नजर पूर्ण परत येईलच असं नाही. लेन्स ठेवायची डबीसुद्धा नळाखाली विसळायची नाही. सोल्युशन, म्हणजे लेन्स धुण्या-भिजवण्याचं औषधी द्रावण, रोज नवं, कालच्यात भर घालायची नाही. एका दिवसासाठी म्हणूनच मी डेली डिस्पोजेबल सुचवली होती: सकाळी पाकीट फोडायचं, रात्री लेन्स काढून फेकायची, डबीची भानगडच नाही.

ज्यांच्याकडून लेन्स घेतलीत त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. घेतलीच आहे तर पाकिटावरचा नंबर आणि एक्स्पायरी बघून घ्या. हळदीच्या दिवशी घालू नका, सॉफ्ट लेन्स रंग शोषते. मेंदी हातावर ओली असताना लेन्सला हात लावायचा नाही. मेकअपच्या आधी घालायची, मेकअप उतरवायच्या आधी काढायची. चष्मा पर्समध्ये असू द्या. आणि रात्री काढायला मदत करेल असं कुणीतरी सोबत ठेवा, पाठराखीण जाणार असेल तर तिलाच शिकवा.

डोळा लाल झाला, दुखला, उजेड सहन होईना किंवा धूसर दिसू लागलं, तर लेन्स लगेच काढा. ती फेकू नका, डबीत घालून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा, तपासायला उपयोगी पडते. मेडिकलमधून ‘लाल डोळ्याचे थेंब’ आणून घालू नका. त्यात स्टेरॉइड असेल तर लाली उतरते, पण आतला संसर्ग वाढत जातो. हे लग्नघरात सगळ्यांना सांगून ठेवा.

भरलेल्या फीमध्ये काढण्याचा सराव धरलेला आहे. लग्नाआधी जमलं तर उद्या-परवा, नाहीतर माहेरपणाला येतील तेव्हा ताईंना घेऊन या. सकाळी अकराच्या आत आलात तर गर्दी नसते. नखं मात्र कापून यायला सांगा.