विमान-इंजिनाच्या ऑइल सॅम्पलचा तो मेसेज कृपया फॉरवर्ड करू नका

सध्या नाशिकच्या ग्रुपांवर ‘ओझरच्या अनुभवी इंजिनिअरच्या टिप्स’ म्हणून एक मेसेज फिरतोय, विमानाच्या इंजिनातलं थोडं तेल लॅबमध्ये धातूचे कण तपासायला कसं पाठवायचं याबद्दल. इंजिन पूर्ण गार झाल्यावर ऑइल सॅम्पल घ्या, नाहीतर हात भाजेल, तेही शेवटी उरलेलं तळाचं घ्या, बाटली पेट्रोलनं विसळा, रिपोर्टमध्ये लेड म्हणजे शिसं दिसलं की इंजिन गेलं समजा, आणि रिपोर्ट नॉर्मल आला तर ऑइल फिल्टर कापून बघायची गरज नाही. माझा भाचा एएमईचा, म्हणजे विमान देखभाल इंजिनिअरचा, कोर्स करतोय, त्यानं हे सगळं वहीत उतरवून घेतलं आणि मग विचारतोय, मामा बरोबर आहे ना? अरे, काय बरोबर आहे यात! ओझरचं नाव लावलं की नाशकात सगळे माना डोलावतात, पण ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात मिग आणि सुखोई बनली, म्हणजे जेट, आणि हे लेडचं प्रकरण पिस्टन इंजिनाचं आहे.

सगळ्यात घातक मुद्दा फिल्टरचा. लॅबमधलं स्पेक्ट्रोमीटर तेलातले अगदी बारीक कण मोजतं, साधारण पाच-दहा मायक्रॉनपर्यंतचे. बेअरिंगचे किंवा कॅमचे टवके उडायला लागले की ते त्याहून मोठे असतात, ते फिल्टरमध्ये अडकतात नाहीतर चिप डिटेक्टरच्या, म्हणजे तेलातले लोखंडी टवके पकडणाऱ्या सेन्सरच्या, मॅग्नेटला चिकटतात, म्हणजे रिपोर्ट स्वच्छ आणि फिल्टरमध्ये चकाकणारा चुरा असं होऊ शकतं, आणि नेमकं तेव्हाच हा मेसेज सांगतो की फिल्टर बघू नका! पिस्टन विमान-इंजिनं बनवणाऱ्या लायकोमिंग कंपनीचं सर्व्हिस बुलेटिन ४८० काढून वाचा. फुल-फ्लो (सगळं तेल गाळणारा) फिल्टर असेल तर ५० तास, नुसती जाळी असेल तर २५ तास, नाहीतर चार महिने, जे आधी होईल तेव्हा ऑइल बदला आणि दरवेळी फिल्टर किंवा जाळी तपासा. फिल्टर कापायचा तो कटरनं, हॅकसॉनं नाही, कारण करवतीचा भुसा आत पडला की धातू कुणाचा हेच कळत नाही. मग कागदाच्या घड्या उलगडून चांगल्या उजेडात बघायचं, मॅग्नेट फिरवायचं.

तळाचं तेल घ्या म्हणे, कचरा तिथंच सापडतो. सापडणारच, बसलेला गाळ आहे तो! आकडे उगाच वर उडणार आणि धडधाकट इंजिन उघडायची वेळ येणार. तेल फिरून आल्या आल्या, इंजिन बंद केल्यावर लवकर, टॉप-अप करायच्या आधी, पहिली धार सोडून मधल्या धारेचं घ्यायचं. गरम तेलानं हात भाजतो एवढं मात्र त्यांचं खरं, मग ग्लोव्ह्ज घाला.

पेट्रोलनं बाटली विसळली तर तेलात इंधन मिसळतंय असा खोटा संशय येईल. लॅबची कोरी बाटली वापरा आणि झाकण सॅम्पल घेतानाच उघडा, धूळ गेली की सिलिकॉन वाढतं आणि लोक एअर फिल्टरमध्ये बिघाड शोधत बसतात.

लेडचं म्हणाल तर अ‍ॅव्हगॅस १०० एलएलमध्येच, म्हणजे पिस्टन विमानांच्या पेट्रोलमध्येच, टेट्राएथिल लेड हे शिशाचं संयुग असतं, ते तेलात उतरतंच, त्यावरून इंजिन गेलं असं होत नाही.

आणि बाटलीवर काय लिहायचं याबद्दल त्या मेसेजमध्ये एक अक्षर नाही. इंजिनाचे तास, ऑइल बदलल्यापासूनचे तास, मधे किती तेल घातलं, हे नसेल तर आधीच्या सॅम्पलशी तुलना कशाच्या जोरावर करणार? दहा तास चाललेलं तेल आणि पन्नास तास चाललेलं तेल यांचं लोखंड सारखं येणारच नाही.