बटण एकदा लावता आलं म्हणून

दिव्यांग प्रमाणपत्रासाठी डॉक्टरांचा मेडिकल बोर्ड आपल्याला पाहतो तो काही मिनिटं, आणि दुखणं असतं चोवीस तास. त्या काही मिनिटांत हात वाकला, मूठ मिटली, बटण लागलं, की कागदावर टक्के कमी पडतात. हे बदलायला हवं असं मला मनापासून वाटतं आणि का वाटतं ते आज सविस्तर लिहितेय. घरात कुणाला आमवात, मणक्याचं जुनं दुखणं किंवा फायब्रोमायल्जिया (अंगभर पसरलेलं जुनाट दुखणं) असेल तर त्यांना वाचून दाखवा.

मला आमवात आहे, म्हणजे र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. लोक ऐकतात आणि लगेच म्हणतात, "अगं, माझ्या आईलाही गुडघेदुखी आहे." वयाने सांधे झिजतात तो प्रकार वेगळा. यात शरीराची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. सूज येते, आणि आटोक्यात आणली नाही तर हाडाचंही नुकसान होतं. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये याचं प्रमाण बरंच जास्त. मला तिशीत सुरू झाला, आधी बोटांच्या पेरात, मग मनगटं, मग तळपाय. आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्झेट, सोबत फॉलिक अ‍ॅसिड, ठरावीक काळाने लिव्हरच्या तपासण्या, हे नेमाने चालू आहे. औषधांमुळे माझी बोटं अजून वाकडी झालेली नाहीत, त्याबद्दल मी माझ्या डॉक्टरांची कायमची ऋणी आहे. पण बोर्डापुढे हीच सरळ बोटं माझ्या विरोधात जातात.

सकाळ कशी असते ते सांगते. उठल्यावर तास-दीड तास मूठ मिटत नाही. बोटं सुजून घट्ट झालेली, अंगठी कधीच काढून ठेवलीय. नळ मनगटाने ढकलून उघडते. सांचीच्या दुधाची पिशवी कापायला कात्री दोन्ही हातांनी धरावी लागते, आणि पिशवी निसटू नये म्हणून ती आधी पातेल्यात उभी करून ठेवावी लागते. कुकरचं झाकण मुलगा कॉलेजला जायच्या आधी लावून जातो. कणीक मळणं सुटलं, साडी सुटली, कारण ब्लाऊजचे हुक. गरम पाण्यात हात बुडवून बसलं की हळूहळू बोटं सुटायला लागतात. दहा-अकराच्या सुमारास मी बरी दिसते. नेमकं तेव्हाच जगाला मी भेटते, आणि बोर्डालाही.

पेन्शन मिळवायची म्हणून मी अर्ज केला नव्हता. मी इंदूरच्या एका खासगी शाळेत शिकवते. वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे. तळमजल्यावरचा वर्ग द्या आणि वह्या तपासायला थोडी मुदत द्या, एवढंच मी मागितलं होतं. उत्तर आलं, "सर्टिफिकेट घेऊन या, मग बघू." म्हणून मी त्या वाटेला लागले.

आता वाट कशी आहे ते. 1995 च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सातच प्रकार होते. 2016 च्या दिव्यांगजन अधिकार अधिनियमाने ते 21 केले. पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस, हिमोफिलिया, सिकल सेल, थॅलेसेमिया, अ‍ॅसिड हल्ल्यातले पीडित, असे कितीतरी लोक पहिल्यांदा आत आले. ती मोठीच गोष्ट होती. पण त्या यादीत जुनाट वेदना नावाची ओळ नाही. आमवाताचीही नाही. आमच्यासारख्यांना चलनवलनाच्या दिव्यांगत्वात, म्हणजे इथे सगळे 'अस्थिबाधित' म्हणतात त्या खात्यात बसवलं जातं. त्यात मोजमाप मुख्यतः सांधा किती वाकतो, स्नायूत जोर किती, आणि कोणती कामं करता येतात यावर.

ती कामांची यादी मी शोधून वाचली, आणि खरं सांगायचं तर मला ती आवडली. हातासाठी त्यात काय काय आहे बघा: डोक्यावरच्या उंचीची वस्तू काढून परत जागेवर ठेवणं, हाताने आपल्या पद्धतीने जेवणं, केस विंचरून वेणी घालणं, सदरा घालणं, पाण्याचा पेला तोंडाला लावणं, बटण लावणं, नाडी बांधणं, लिहिणं. पायांसाठी उतारावर चालणं, जिना चढणं, उकिडवं बसणं, मांडी घालणं. पंजाची पकड पाहायला किल्ली धरून दाखवायची, पिशवी उचलून दाखवायची. आपल्या घरातली माणसं दिवसभर काय करतात याचा कुणीतरी विचार केलाय हे त्यातून कळतं. माझं भांडण यादीशी नाही. ते काम एकदा करून दाखवलं की 'करता येतं' असं धरलं जातं, तिथे माझं भांडण आहे.

बटण मला लावता येतं. अकरा वाजता, गोळी घेतल्यावर, एक बटण. सकाळी सहा वाजता येत नाही. सलग पाच लावली तर त्यानंतर पेन धरता येत नाही. जिना मी चढते, पण चढून वर गेल्यावर फळ्याजवळ उभं राहायचं असतं ना? ते राहत नाही. तपासणीच्या दिवशी मी सकाळी वेदनाशामक घेतली होती, कारण ती घेतल्याशिवाय रिक्षात बसून तिथवर जाणंच शक्य नव्हतं. तपासणाऱ्या डॉक्टरांनी मूठ मिटायला सांगितली, मिटली. किल्ली दिली, धरली. ते म्हणाले, "मॅडम, आपके हाथ तो ठीक चल रहे हैं." त्यांच्या बोलण्यात हेटाळणी नव्हती. बाहेर बाकांवर आणि जमिनीवर किती माणसं बसली होती ते मी पाहिलं होतं. एका माणसाला पाच मिनिटांहून जास्त देणं त्यांना जमणारच नव्हतं. मी सांगायला लागले की सर, सकाळी असं होतं, तेवढ्यात पुढचं नाव पुकारलं गेलं. कागदावर 40 च्या खाली आकडा आला.

40 ची ही रेघ फार महत्त्वाची आहे. 40 टक्के झाले तरच तुम्ही कायद्याने 'बेंचमार्क' दिव्यांग. सरकारी नोकरीतलं 4 टक्के आरक्षण, उच्च शिक्षणातलं 5 टक्के, मध्य प्रदेशातली महिन्याची 600 रुपयांची पेन्शन, जुन्या करपद्धतीत मिळणारी 75,000 रुपयांची वजावट, सगळं त्या रेघेच्या पलीकडे. केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग पेन्शनला तर 80 टक्के लागतात, शिवाय दारिद्र्यरेषेखालचं नाव, आणि केंद्राचा वाटा महिन्याला 300 रुपये. यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा, रंगसुद्धा याच हिशोबाने: 40 च्या खाली पांढरं, त्यावर पिवळं, 80 च्या पुढे निळं. माझं पांढरं.

तपासणीच्या दिवशी बाहेर माझ्या शेजारी परदेशीपुऱ्याच्या बाजूची एक बाई बसली होती. चार घरची धुणीभांडी करायची, गुडघे आणि कंबर गेल्यावर दोन घरं सुटली. समग्र आयडीवर (मध्य प्रदेश सरकारचा कुटुंबाचा ओळख क्रमांक) तिचं नाव एक आणि आधारवर वेगळं, म्हणून तिला तपासणीआधीच परत पाठवलं. "इतनी दूर से आई हूँ," एवढंच ती म्हणत राहिली. माझ्यासाठी हा तळमजल्याच्या वर्गाचा प्रश्न आहे. तिच्यासाठी 600 रुपये म्हणजे महिन्याच्या गोळ्या. हे लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे जास्त तीच आहे.

खोट्या प्रमाणपत्रांचं काय, असं कुणी विचारेल. विचारायलाच हवं. 2024 मध्ये महाराष्ट्रातल्या एका प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांवरून केवढं रान उठलं होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. पण त्या संशयाचा भार शेवटी येतो कुणावर? ज्याचं दुखणं डोळ्यांना दिसत नाही त्याच्यावर. पाय नसलेल्या माणसावर कुणी शंका घेत नाही, आणि घेऊही नये. आमच्यावर मात्र प्रत्येक टेबलावर घेतली जाते. खोटेपणा रोखायचा असेल तर पाच मिनिटांच्या तपासणीपेक्षा वर्षभराच्या नोंदी कितीतरी पक्क्या. माझ्या फाइलमध्ये वर्षानुवर्षांचे ईएसआर, सीआरपी (सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या), एक्स-रे, बदललेल्या औषधांच्या चिठ्ठ्या आहेत. एवढं सगळं ठरवून खोटं कोण उभं करील?

आणि वेदना मोजताच येत नाही, हे म्हणणंही अर्धवट आहे. थर्मामीटर लावून ताप मोजतो तशी ती मोजता येत नाही, हे खरं. पण तिने आयुष्य किती अडवलंय ते नोंदवण्याची साधनं कधीची आहेत. आमवाताच्या तज्ज्ञांकडे 'हेल्थ असेसमेंट क्वेश्चनेअर' नावाची प्रश्नावली असते, 1980 मध्ये स्टॅनफर्डमध्ये तयार झालेली. त्यात विचारतात की गेल्या आठवड्यात कपडे घालायला, खुर्चीतून उठायला, जेवायला, चालायला, वस्तू पकडायला किती त्रास झाला. गेल्या आठवड्यात! आत्ता, या टेबलापुढे, असं नाही. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2020 मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा सोबतच्या टिपणात स्पष्ट लिहिलं की वेदना हा नेहमी त्या माणसाचा स्वतःचा अनुभव असतो आणि तो सांगतो त्याचा मान ठेवला पाहिजे. आजारांच्या जागतिक वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी 2022 पासून लागू झाली, तीन महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या वेदनेला स्वतंत्र जागा आहे. मूल्यमापनाची आपली मार्गदर्शक तत्त्वं 2018 मध्ये आली आणि मार्च 2024 मध्ये सुधारून आली. पुढच्या सुधारणेत एवढं घाला: काम किती वेळा करता येतं, किती वेळ, आणि केल्यावर पुढचे काही तास काय होतं. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी वर्षभर ठेवलेली नोंद बोर्डाने वाचलीच पाहिजे, असा नियम करा. यासाठी नवं मशीन लागणार नाही.

घरच्यांबद्दलही लिहायचंय. आमच्याकडे नात्यातल्या एका वडीलधाऱ्यांना मी अर्ज केल्याचं कळलं तेव्हा ते म्हणाले, "सूनबाई, आपल्या घरात कुणी सरकारपुढे हात पसरला नाही." त्यांच्या मनात माझ्याबद्दल वाईट काही नव्हतं. इंदूरच्या आपल्या मराठी घरांत, रामबाग असो की लोकमान्य नगर, हे वाक्य मी इतरांकडूनही ऐकलंय. बाईने कण्हायचं नाही, पाहुण्यांपुढे तर नाहीच, गणपतीत एकवीस मोदक व्हायलाच हवेत. किती काकू आणि आत्या सुजलेल्या हातांनी पुरण वाटत आल्या आणि त्यांचं दुखणं कधी डॉक्टरांपर्यंत पोचलंच नाही. आमवातात सुरुवातीचे महिने सगळ्यात मोलाचे. तेव्हा औषध सुरू झालं तर सांधे वाचतात. म्हणून हे सोसणं मला मुळीच कौतुकाचं वाटत नाही, त्याने माणसं अधू झालीत. आणि कायद्याने दिलेली गोष्ट मागणं म्हणजे हात पसरणं कसं होईल? 2007 मध्ये आपल्या देशाने दिव्यांगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार मान्य केला, त्यावर 2016 चा कायदा उभा आहे. तो उपकार म्हणून केलेला नाही.

40 च्या खाली राहिलेल्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, कारण ती आपल्याला कुणी सांगत नाही. फेब्रुवारी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या खटल्यात निकाल दिला. त्या उमेदवाराला रायटर्स क्रॅम्प होता, लिहिताना हात आखडायचा. त्याला लेखनिक नाकारला होता, कारण तो बेंचमार्कमध्ये बसत नव्हता. न्यायालयाने सांगितलं की आवश्यक ती सोय करून देण्याचा हक्क 40 टक्क्यांशी बांधलेला नाही. दिव्यांग व्यक्तीची कायद्यातली व्याख्याच मुळी टक्क्यांवर नाही. दीर्घकाळची कमतरता आणि समोरचे अडथळे मिळून माणसाला इतरांच्या बरोबरीने वावरू देत नाहीत, ती व्यक्ती दिव्यांग. माझ्या बाबतीत अडथळा म्हणजे दोन जिने. याच कायद्याच्या कलम 21 प्रमाणे प्रत्येक संस्थेने, खासगीनेही, समान संधीचं धोरण जाहीर करायचं आहे. मी शाळेकडे ते धोरण लेखी मागितलंय. सोबत पांढरं कार्ड जोडलंय.

बोर्डाचा निर्णय पटला नाही तर कलम 59 खाली अपील करता येतं. मी केलंय. ज्यांची तपासणी व्हायचीय त्यांनी आत्तापासून रोज दोन ओळी लिहून ठेवा: किती वाजता मूठ मिटली, कोणतं काम अर्धवट सोडलं, कोणती गोळी घेतली. तपासणीच्या दिवशी गोळी घेतली असेल तर ते आधी सांगा आणि कागदावर लिहून घ्या म्हणा. जाण्याआधी आधार आणि समग्रवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळवून घ्या. अर्ज अडकला तर 181 या सीएम हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, आणि कलेक्टर कचेरीत मंगळवारी जनसुनवाई असते.

इंदुरात कुणाला यूडीआयडीचा फॉर्म भरायला किंवा अपिलाचा मजकूर लिहायला मदत हवी असेल तर इनबॉक्समध्ये सांगा. घरी कामाला येणाऱ्या मावशींना लागणार असेल तर त्यांचे कागद घेऊन तुम्हीच या, त्यांचा एक दिवसाचा रोज बुडवू नका. मला टाइप करायला वेळ लागतो, उत्तर उशिरा येईल किंवा बोलून पाठवीन.